दोन बोटं पुठ्ठा

“तो पाव नाहीये. माझा हात आहे तो.”

खालून कोणीतरी हे म्हणालं तेव्हा मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते, पेन्सिल दातांत, टेप काखेत, आणि उजवा गुडघा नेहमीसारखा बोंब मारत होता. प्रदर्शन उघडायला तीन दिवस राहिले की गॅलरीत कोण काय बोलतंय याकडे लक्ष देणं मी सोडून देते. वीजवाला बोलत असतो, रंगवाला बोलत असतो, खुर्च्या कुठं लावू असं विचारणारा एक जण दर वेळी असतोच. मी न बघताच म्हणाले, “बंद आहे अजून. परवानंतर या.” त्यावर आवाज म्हणाला, “दार उघडं होतं.” दार खरंच उघडं होतं, फळ्या आत घ्यायला सुतारदादांनी त्याला वीट लावून ठेवली होती. मी वळून पाहिलं. एक बुटकी म्हातारी, केस मुलासारखे आखूड कापलेले, तपकिरी कोटाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. हातात दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यातलं आमचंच पोस्टकार्ड, आणि ते तिनं माझ्यापुढं असं धरलेलं, जसं काही मी तिकीट तपासनीस आहे. मी खाली उतरले. उतरताना मला राग आला होता. का आला होता हेही मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं, फक्त ते मी स्वतःच्या कानावर घातलं नाही.

पोस्टकार्डावर एक बाई आहे. रांगेत उभी आहे, पण रांग दिसत नाही, समोरच्या माणसाच्या खांद्याची एक रेघ तेवढी दिसते. लांब कोट, मान जराशी वळलेली, चेहऱ्यावर पाच-सहा रेघांत मावेल तेवढा थकवा, आणि कोटाचा डावीकडचा खिसा फुगलेला. खाली आमच्या ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘एकटी’. त्याच्याखाली बारीक अक्षरांत: छळछावणीतल्या एका कैद्यानं रेशनच्या फॉर्मामागं, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं काढलेलं चित्र, खिशात बहुधा लपवलेला पावाचा तुकडा. हे वाक्य माझं. पंधरा वर्षांपूर्वी मी ते सतरा वेळा खोडून लिहिलं, आणि शेवटी ‘बहुधा’ हा शब्द सुचला तेव्हा स्वतःवरच खूश होऊन एक कॉफी जास्त प्यायले. लोक ‘बहुधा’पर्यंत यायचे आणि रडायचे. मी कोपऱ्यात उभी राहून बघायचे. शाळेच्या मुलींचा एक अख्खा वर्ग एकदा रडला होता, आणि त्यांच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन, तुम्ही फार मोठं काम करता आहात, असं काहीबाही म्हटलं होतं. तेव्हा ते मला खरं वाटलं होतं.

मी प्रदर्शनं मांडते. चित्रं काढत नाही, विकत नाही, त्यांच्यावर भाषणं देत नाही. कोणतं चित्र कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, किती उजेडात, शेजारी कोण, खाली काय लिहायचं, एवढंच माझं. आमची गॅलरी म्हणजे तीन खोल्या, एक जिना आणि सदा गळणारा एक नळ. लढाईच्या काळातली चित्रं आणि माणसांचा छळ, हा आमचा विषय. दर एक-दोन वर्षांनी एक लहानसं प्रदर्शन. हे अकरावं. पहिल्या वेळी मी महिनाभर धड जेवले नव्हते. आता मी छळ सेंटिमीटरमध्ये ओळखते. फाशीचं चित्र एकवीस बाय तीस, आडवं. जळालेलं गाव दाराजवळ नको, तिथं दुपारी ऊन येतं. उपासमारीची दोन चित्रं शेजारी ठेवली की एकमेकांना मारतात, मध्ये एखादं पत्र ठेवा. असलं मी मोठ्यानं बोलते आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. वीजवाला विचारतो, “बाई, मेलेल्यांवर किती दिवे?” मी सांगते, दोन, आणि मंद. मलाही वावगं वाटत नाही. आताशा मला सगळ्यात जास्त कंटाळा येतो तो या वावगं न वाटण्याचाच. सकाळी उठल्यावर पायात चप्पल सरकवताना वाटतं की आजही कुणीतरी कुणालातरी मारलेलं असणार आणि ते मला सरळ रेषेत लावायचं असणार.

“बसा,” मी म्हातारीला म्हणाले. ती बसली नाही. “कुठं पाहिलंत हे?”

“बसथांब्यावर. दातांच्या डॉक्टरकडं निघाले होते, आई दिसली, उतरले.”

“थांब्यावरून उतरलात?”

“बसमधून हो! थांब्यावर आई, बसमध्ये मी. तुम्ही ऐकताय ना नीट?”

मी ओशाळले. पोस्टरं मागच्याच आठवड्यात शहरभर लागली होती. या वेळी अख्ख्या प्रदर्शनालाच आम्ही ‘एकटी’ हे नाव दिलं होतं, कारण लोकांना तेच चित्र आठवतं. म्हातारीनं पोस्टकार्डावरच्या खिशावर बोट ठेवलं. आईच्या कोटाला डावीकडं खिसाच नव्हता, ती म्हणाली, मागून आईनं दुसऱ्या कापडाचा लावला होता, आडव्या रेघांच्या कापडाचा, बघा. मी बघितलं, जरी मला बघायची गरज नव्हती. खिशावर आडव्या रेघा आहेत हे जगात माझ्याइतकं कुणाला माहीत असेल! “तो खिसा माझ्यासाठीच लावलेला. रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, माझे हात गार पडायचे. मी तिच्या मागं उभी राहायचे आणि हात त्यात घालायचे. हा माझा हात. बाकीची मी इकडं असणार, या कडेच्या पलीकडं. तुम्ही मला कुठं ठेवलंय?”

असे लोक येतात. एक गृहस्थ आले होते, त्यांनी एका दुपारीत तीन वेगवेगळ्या चित्रांत स्वतःचे आजोबा ओळखले. एका बाईंना एक चेहरा घरीच न्यायचा होता, का, तर नाक त्यांच्या काकांसारखं. अशांसाठी आमच्याकडे एक छापील अर्ज आहे: नाव, वय, पत्ता, चित्राशी संबंध, पुरावा. तो भरून घेतला की माणूस शांत होतो आणि अर्ज फाइलीत जातो. मी कपाटातून तो काढला, तिच्यापुढं ठेवला, पेनही दिलं. तिनं उभ्याउभ्याच लिहिलं. संबंध: मुलगी. पुरावा या रकान्यात तिनं लिहिलं: चौकट उघडून बघा. आणि पेनाचं टोपण लावता लावता सहज म्हणाली, “तो पाटीवाला गमतीचा होता हो. पेन्सिल सारखी चाटायचा, ओली केली की उमटते ना ती. जीभ जांभळी व्हायची त्याची. आम्ही मुलं हसायचो, मग तो मुद्दाम जीभ बाहेर काढून दाखवायचा.”

चित्रकार आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हे आमच्या पुस्तिकेत आहे. जीभ नाही. जिभेबद्दल मी कुठं वाचलेलंही नाही.

तेवढ्यात मोठे साहेब आले. आमचे संचालक तसे बरे गृहस्थ आहेत, फक्त उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यात माणूस शिल्लक राहत नाही. त्यांनी अर्ज वाचला, मान तिरकी केली आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, “आजी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.”

“भावना नाहीये ती. हात आहे,” म्हातारी म्हणाली.

सुतारदादा फळीआड हसले. साहेबांनी मला जिन्याखाली नेलं. चौकट आता उघडायची नाही, ते म्हणाले, काच सील केलेली आहे, परवा पत्रकार आहेत, आणि शहरभर ‘एकटी’ लावून बसलोय, त्यात आता दुसरी कुठून आणू? नंतर निवांत बघू. मी म्हणाले, नंतर म्हणजे कधी, सहा आठवड्यांनी चित्र दौऱ्यावर जातंय, दोन वर्षं चार गावं फिरणार आहे, आणि त्यांचं वय चौऱ्याऐंशी आहे, अर्जात लिहिलंय. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना स्वतःचीच जरा लाज वाटली असावी, कारण ते म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं? आहे का तिथं खरंच कोणी? मांडणी तुम्हीच केली होती ना?” मी म्हणाले, “आठवत नाही.” तोंडातून इतक्या सहज गेलं ते. जिन्याखाली रंगाचा वास कोंडला होता आणि मला फक्त बसायचं होतं, कुठंही, पायरीवर, बादलीवर.

बाहेर आले तेव्हा म्हातारी चित्रासमोर उभी होती. चित्र अजून भिंतीला टेकवूनच ठेवलेलं, त्यामुळं ती वाकली होती, हात गुडघ्यांवर. माझी चाहूल लागल्यावरही तिनं मान वळवली नाही. म्हणाली, “आईचा फोटो नाही माझ्याकडं. एकही नाही. सगळं गेलं तिथंच. मला हे न्यायचं नाहीये बरं का, घाबरू नका. मला एवढंच बघायचंय की मी तिच्याजवळ आहे. मी होते हे मला माहितीय. पण मला सोडलं तर आता कुणालाच माहीत नाही. आणि मी गेले की हेच राहणार, तुमचं पोस्टकार्ड. ती एकटी होती म्हणून.” मी तिला म्हणाले, उद्या सकाळी या, बघू. ‘बघू’ हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा वापरलाय की तो ऐकूनच माणसं कोट घालायला लागतात. तिचा तर घातलेलाच होता. ती गेली.

घरी ताईनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पंधरा वर्षांपूर्वी एका सोमवारी माझा नवरा दोन बॅगा घेऊन बाहेर पडला, आणि त्याच आठवड्यात ही एक बॅग घेऊन आत आली, पंधरा दिवसांसाठी म्हणून. अजून आहे. त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हते, आंघोळसुद्धा ताई ओरडली की करायचे. ऑफिसात जायचे, कागदांवर वाकायचे, परत यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिनं मला अक्षरशः भरवलंय, चमच्यानं, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला. पुढं या चित्राच्या त्या पहिल्या प्रदर्शनाला बक्षीस मिळालं, पेपरात मुलाखत आली. तीत मी म्हणाले की मी एकटी राहते, हे सगळं एकटीनं उभं केलं, म्हणून त्या चित्रातली बाई मला आतून कळली. ताईनं चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “मग मी कोण? भाडेकरू?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिनं कात्रण नीट कापून फाइलीत लावलं. पुढच्या मुलाखतीत मी पुन्हा तेच म्हणाले, कारण वाक्य चांगलं बसलं होतं. आणि ताईनं तेही कात्रण लावलं, फक्त या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. आज ती माझ्यासमोर बसून मोजा रफू करत होती, तोंडात दोरा धरून, आणि मी तिच्याकडे बघता बघता ती दुपार आठवायला लागले. आठवायला लागले असं म्हणणंही ढोंगच आहे. ती दुपार कुठं गेलीच नव्हती.

पाटीवाल्याचा पुतण्या बिस्किटांच्या डब्यातून चोवीस कागद घेऊन आला होता. काका जाऊन वर्षं झाली होती, माळा साफ करताना डबा सापडला. मी एकेक कागद टेबलावर ठेवून भिंगातून बघत होते. या कागदावर डाव्या कडेला एक मूल होतं. होतं की नव्हतं असली काही शंका नाही, होतं. बाईच्या मागं अर्धं दडलेलं, चेहऱ्याच्या जागी दोन रेघा, पायांचा पत्ता नाही, आणि एक हात लांबच्या लांब, बेढब, रबरी नळीसारखा, थेट खिशात गेलेला. बाईवर त्यानं जीव ओतला होता आणि मूल म्हणजे नुसतं गिचमिड. घाईत असेल, कुणी येत असेल, किंवा त्याला मुलं काढताच येत नसतील. मी अंगठा आडवा धरून ती कड झाकून पाहिली. आणि बाई एकदम उभी राहिली. कागदातून वर आली. इतकी एकटी, इतकी पुरी, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. अंगठा काढला की मूल परत यायचं आणि सगळं विस्कटायचं. चित्र आणि काच यांच्यामध्ये आम्ही पांढऱ्या पुठ्ठ्याची खिडकी बसवतो, तिला माउंट म्हणतात. तिच्यामुळं कागद काचेला चिकटत नाही. खिडकी केवढी कापायची हे मी ठरवते. मी माउंट कापणाऱ्याला माप दिलं: डावीकडून साडेतीन सेंटिमीटर आत घे. तो म्हातारा माणूस होता, त्यानं कागदावर दोन बोटं ठेवून बघितलं आणि म्हणाला, “दोन बोटं पुठ्ठा जातोय बाई, आणि इथं काहीतरी आहे हो.” मी म्हणाले, “डाग आहे.” नोंदीच्या कार्डावर लिहिलं, डावी कड मळलेली. मग उरला तो फुगलेला खिसा. त्याला काहीतरी कारण द्यायला हवं होतं, म्हणून मी त्यात पाव ठेवला. बहुधा.

“काय झालंय?” ताई शेवटी म्हणालीच. मी म्हणाले, काही नाही, दमले. ती म्हणाली, ते तर दिसतंय, पण काय झालंय. मी सांगितलं. सगळं, अंगठ्यासकट. ताईनं मोजा खाली ठेवला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल, थोरली आहे, हक्क आहे तिचा. ती म्हणाली, “मग उद्या उघड की चौकट. स्क्रूड्रायव्हर लागतो ना? घरात आहे.” मला हसू आलं आणि हसता हसता रडू. ताईनं पाठीवरून हात फिरवला नाही, ती तसली नाही, तिनं मोजा उचलला आणि परत दोरा ओवायला घेतला. तिला मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की त्या मुलाखती चुकल्या माझ्या. जिभेवर आलं होतं. पण त्यातही मला शब्द नीट बसवावेसे वाटले, आणि शब्द बसवायला लागले की माझ्याकडून काय होतं हे आताच तर तिला सांगून झालं होतं.

सकाळी म्हातारी माझ्याआधी येऊन बाकावर बसली होती, तोच कोट, तीच बटणं. साहेबही लवकर आले होते. मी त्यांना फक्त म्हणाले, “उघडतेय.” त्यांनी माझ्या हातातलं हत्यार बघितलं आणि ते टेबलाजवळून बाजूला झाले. सुतारदादांनी टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं. चौकट पालथी घातली, मागची पट्टी कापली, चार स्क्रू काढले. हे मी शेकडो वेळा केलंय, डोळे मिटून करीन. पाठीचा पुठ्ठा निघाला. मग आम्ही सगळं अलगद उलटं केलं, काच उचलली, आणि मी माउंटच्या कडेखाली नखं घालून तो दारासारखा डावीकडे उघडला.

मूल होतं. एवढंच नाही. ते जांभळं होतं, गर्द, कालच काढल्यासारखं, त्या नळीसारख्या हाताची रेघ न्‌ रेघ ठसठशीत. आणि जिथं पुठ्ठ्याची कड संपत होती तिथं सरळ एक सीमा पडली होती आणि तिच्या पलीकडे आई होती, करडी, फिकी, धुऊन धुऊन विटलेल्या पडद्याच्या रंगाची. आम्ही कोणीच हे आधी पाहिलं नव्हतं. आई रोज डोळ्यांसमोर होती, त्यामुळं ती किती गेलीय हे कळायला शेजारी काही नव्हतंच. म्हातारी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. बराच वेळ ती मुलाकडे बघतच नव्हती.

“आई इतकी फिकी का झालीय?”

“उजेडानं,” मी म्हणाले. “ही पेन्सिल उजेडात उडते. त्या पंधरा वर्षं दिव्याखाली होत्या. तुम्ही पुठ्ठ्याखाली.” एवढं सांगितलं, तर पुढचंही सांगायला हवं होतं की पत्रकार यायचे तेव्हा फोटो चांगले यावेत म्हणून दिवे मीच वाढवून घ्यायचे. ते मी सांगितलं नाही. सगळं एकाच दिवशी सांगायची ताकद माझ्यात नव्हती.

साहेब हळूच म्हणाले, “माउंट सरकला असणार. जुनं काम आहे.”

“असेल,” म्हातारी म्हणाली, “होतं असं.” तिनं डोळे पुसले, रुमाल घडी करून परत खिशात ठेवला, आणि माझ्याकडे बघून हसली. तिनं सोडून दिलं होतं. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. साहेब गप्प बसले असते, दादा गप्प बसले असते. इतकी सोपी सुटका मला आयुष्यात कधी मिळाली नसेल. आणि मी इतकी दमले होते की ती घ्यावीशीही वाटत होती.

“सरकला नव्हता,” मी म्हणाले. “माप मी दिलं होतं. तुम्ही मला दिसला होतात. कापणाऱ्यानं विचारलं तर मी त्याला डाग आहे म्हणून सांगितलं. पावाचंही मीच लिहिलं.”

म्हातारीचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं, मागं कोणी नसल्यासारखं. मग ती म्हणाली, “लहान मुलं रांगेतून वेगळी काढायचे ते. वेगळी काढलेली परत दिसली नाहीत कधी. म्हणून आई सारखी म्हणायची, मागं हो, दिसू नकोस. मी तिला इतकी चिकटायचे की तिला चालता यायचं नाही. ती मला झाकायची ते मी वाचावं म्हणून.” ती थांबली. “तुम्ही कशासाठी झाकलंत?”

माझ्याकडे उत्तरं होती. अकरा प्रदर्शनांची उत्तरं होती, एकाकीपण, माणसाचं प्रतीक, बघणाऱ्याची नजर, सगळं तोंडपाठ.

“चित्र चांगलं दिसत होतं,” मी म्हणाले.

सुतारदादा खिडकीकडे वळले. मला वाटलं ती आता रागावेल. रागावली असती तर मी माफी मागितली असती, रडले असते, आणि मोकळी झाले असते. ती त्या मुलावर वाकली, नाक कागदाला लागेल इतकी, आणि म्हणाली, “हं. दिसत असेल.” मग थोड्या वेळानं, “त्याला मुलं काढता यायचीच नाहीत. माझ्या धाकट्या भावाचं काढलं होतं, बटाट्यासारखं. भाऊ रडला होता ते बघून.” ती खुदकन हसली, एकटीच, आणि तिला त्या भावाबद्दल पुढं काही विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. माफी मी मागितली, पण फार उशिरा आणि फार हळू, तिला ऐकू गेली की नाही माहीत नाही. मला माझीच किळस आली होती, आणि त्या किळसेत एक बारीकसं बरंही वाटत होतं, कारण निदान काहीतरी वाटत होतं.

साहेब घसा खाकरून म्हणाले, “आता प्रदर्शनाच्या नावाचं काय करायचं?”

“बदलायचं,” मी म्हणाले.

“शहरभर पोस्टरं आहेत हो.”

“मग शहरभर चूक आहे.” मी एवढ्या जोरात त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते खुर्चीत बसले आणि फोन काढून छापखान्याचा नंबर शोधायला लागले. मी चित्राखालची जुनी चिठ्ठी फाडली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर नवी लिहिली. आई आणि मुलगी, रांगेत. मुलीचा हात आईच्या खिशात आहे. पंधरा वर्षं मुलगी पुठ्ठ्याखाली झाकलेली होती. चित्र चांगलं दिसावं म्हणून मांडणी करणाऱ्या बाईनं ती झाकली. एकाही शब्दाशी झटापट केली नाही. म्हातारीनं चिठ्ठी वाचली, ‘बाईनं’वर बोट ठेवून विचारलं, “हे छापणार तुम्ही?” मी हो म्हणाले. तिनं चिठ्ठी परत दिली.

नवा माउंट कापायच्या आधी मला तिला एक गोष्ट सांगणं भाग होतं. या वेळी खरंच भाग होतं, आमच्या कामाचा नियमच आहे तो. मी म्हणाले, “एक आहे. मोठी खिडकी कापली आणि भिंतीवर लावलं, की तुमचाही रंग उडायला लागणार. आत्ता तुम्हाला आहात तसंच राहायचं असेल तर झाकूनच ठेवावं लागेल. मी तुम्हाला एक चांगला फोटो काढून देते, दोघींचा, मोठा. कागद अंधारात ठेवू. शंभर वर्षं तुम्ही अशाच राहाल.”

“आणि आई?”

“त्यांचं गेलं ते परत येत नाही. मंद उजेड ठेवला तर पुढचं हळूहळू जाईल. पण जाईल.”

तिनं परत एकदा दोघींकडे बघितलं, आधी जांभळीकडे, मग करडीकडे. कोटाचं वरचं बटण काढलं, जणू आत्ता कुठं तिला खोलीत उकडायला लागलं होतं.

“लावा भिंतीवर,” ती म्हणाली. “पुरे झालं माझं ताजं राहणं. होऊ दे मलाही तिच्याबरोबर फिकं.”

मी टेप घेतला आणि कागद कडेपासून कडेपर्यंत मोजला.